भिंतीकडचा मुरघास

दाणा चिकातून पिठात उतरला की मका कापायचा, हे कुणालाही सांगायला लागत नाही. त्या साली दाणा अगदी वेळेवर पिठात उतरला आणि नेमका पाऊस लागला. तो हंगामाचा पाऊसच नव्हता. बोलावलं नसताना येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा होता तो. उठतो उठतो म्हणायचा आणि पुन्हा बूड टेकायचा. वाट बघून बघून शेवटी त्यांनी चिखलातच विळे चालवले.

सून कापत होती. नवरा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. तो रजा काढून आला होता आणि कुट्टीयंत्रात पेंढ्या सारत होता. सासरे, ज्यांना अख्खी वस्ती आबा म्हणायची, ते खड्ड्यात उतरून कुट्टी पसरत होते, पायांनी तुडवत होते. खड्डा म्हणायचं एवढंच. गोठ्यामागं तीन बाजूंना सिमेंटच्या भिंती घातलेली ती जागा होती, पुढून उघडी. त्यात मका दाबून भरायचा, वर काळं प्लास्टिक, प्लास्टिकवर जुने टायर. हवा आत शिरली नाही तर मका आंबतो, त्याचा मुरघास होतो आणि गाईंना वर्षभर पुरतो.

भांडण झालं ते मक्यात काय मिसळायचं यावरून.

"नुसता मका पोट भरतो," आबा म्हणाले. "त्यात दम नसतो. युरिया टाकला की नत्र येतं, नत्र आलं की दूध येतं. मी तरणा होतो तेव्हापासून टाकतोय."

"कोरड्या मक्याला टाका ना आबा, मी कुठं नाही म्हणतेय?" सुनेचा पदर पाण्यानं अंगाला चिकटला होता. "हा ओलागच्च आहे. डेअरीच्या मॅडमनी सांगितलंय, ओल्या मक्याला आंबटपणा लवकर धरत नाही. तोवर आतली प्रथिनं फुटत राहतात, त्यांचा अमोनिया होतो. वरून युरिया घातला तर विचारूच नका. त्यांनी दिलेली ही पावडर मारली की आंबटपणा झटक्यात धरतो आणि फुटायचं थांबतं. नत्र मक्यातच राहतं."

"मॅडमच्या गोठ्यात गाई किती?"

"एकही नाही."

"मग झालं तर."

नवऱ्यानं यंत्र बंद केलं. दोन दगडांवर पाय ठेवून उभं राहायची त्याला लहानपणापासूनची सवय. "पावडर तू मार, युरिया आबा टाकतील. दोघांचंही राहू दे. मला सकाळी गाडीवर जायचंय."

तसंच झालं. सुनेनं पावडर पाण्यात कालवून फवारणीच्या पंपात भरली आणि थरावर थर भिजवत गेली. आबा तिच्या मागून मोजूनमापून मुठी टाकत होते. तिचा मान राखून जरा हात आखडताच घेत होते. पण शेवटचे भारे यायच्या वेळी पंप रिकामा झाला, अंधारून आलं आणि पावसानं पुन्हा बूड टेकलं. आबांनी पोत्यात उरलेला सगळा युरिया मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात उपडा केला आणि पायानं मका सारून झाकला.

"भिजून वायाच गेला असता," ते स्वतःशीच बोलावं तसं बोलले.

सुनेनं पाहिलं. दिवसभरात भांडण पुरे झालं होतं. तिनं प्लास्टिकचं टोक धरलं आणि ओढलं.

*

भिजल्याचं निमित्त झालं, आबा तापानं फणफणले. बरेच दिवस अंथरुणातच होते. उठले तेव्हा गालफडं बसली होती, पण जेवायला लागले, गोठ्यात जायला लागले, आणि घर पुन्हा रुळावर आलं असं सुनेला वाटलं.

एके दिवशी ती बाहेर दुधाचे कॅन घासत होती. आत चुलीवर दूध होतं आणि चुलीशेजारीच आबा दावं वळत बसले होते. करपल्याचा वास अंगणात आला तशी ती पळत आत गेली. पातेल्याचं बूड काळं झालं होतं, घरभर धूर आणि उग्र दर्प. आबा पाठमोरे, शांतपणे पीळ घालत होते.

"आबा, दूध करपलं की!"

त्यांनी वळून पातेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हो का," ते म्हणाले. "लक्ष नव्हतं माझं."

लक्ष नव्हतं, हे खरं धरायला तिची हरकत नव्हती. पण मग तिला दिसायला लागलं. न्हाणीघरात साबणाची वडी नाकाशी धरून उभे असलेले आबा. डिझेलच्या कॅनचं झाकण काढून वाकलेले आबा. एकदा तर ते चिरलेला कांदा हुंगत होते. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि तरी हुंगतच होते, हरवलेली वस्तू पुन्हा पुन्हा त्याच खिशात शोधावी तसे.

आता त्या नाकाबद्दल सांगायला हवं. वस्तीत कुणीही मुरघासाचा खड्डा उघडला की आधी आबांना बोलावणं यायचं. आबा जायचे, आत हात घालून मूठभर मका काढायचे, चुरगाळायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. भोवतीची माणसं श्वास रोखून उभी. "चांगला आंबलाय, घाला," असं म्हणाले की घालायचं. "हा कुजलाय, उकिरड्यावर टाका," म्हणाले की डोळे झाकून टाकायचं. त्यांचं नाक कधी चुकलं नव्हतं. जमीन बेताची, बायको लवकर गेलेली, मुलगा सतत रस्त्यावर. पण नाकामुळं आबांना चारचौघांत खुर्ची मिळत होती.

सुनेनं काही विचारलं नाही. आबांनी काही सांगितलं नाही. आदल्या दिवशीची भाजी त्यांच्या ताटात वाढण्याआधी ती स्वतः हुंगून बघायला लागली, इतकंच.

मग पलीकडच्या गल्लीतली शिंपीण बोलवायला आली. तिच्या दोन म्हशी होत्या. आबा टोपी घालून निघाले. दारात मात्र जरा रेंगाळले.

"मीही येते," सून म्हणाली. "ब्लाउज टाकायचाय शिवायला."

शिंपिणीच्या खड्ड्याशी आबांनी मूठभर मका काढला. चुरगाळला. रंग पाहिला, एक पान जिभेवर ठेवलं, थुंकलं. मग मूठ नाकाशी नेली. डोळे मिटले नाहीत. त्यांनी सुनेकडे पाहिलं. आंबट, किंचित गोडसर असा चांगला वास तिच्यापर्यंत आला होता. तिनं मान खाली घालावी तशी हलवली.

"घाल," आबा म्हणाले. "चांगलाय."

"सुनेला चेली केलंत वाटतं आबा?" शिंपीण हसली.

"तिला कुठलं कळतंय," आबाही हसले.

दोघं घरी निघाले. फाटकापाशी आल्यावर आबा म्हणाले, "ब्लाउज टाकायचा राहिला की तुझा."

"राहू दे," ती म्हणाली.

त्यानंतर ती दरवेळी काहीतरी काम काढून बरोबर जायची. लोकांना सवय झाली. आबांनाही झाली. माहेरी, सासरी, कुठंच तिला कुणी इतकं विश्वासानं विचारलं नव्हतं. आणि हा माणूस तर तोंडानं विचारतही नव्हता, नुसतं बघत होता.

*

थंडीत त्यांचा स्वतःचा खड्डा उघडला. पुढचा थर असा निघाला की नवराही म्हणाला, "वा!" पिवळसर हिरवा, मोकळा, हाताला ऊब लागणारा. गाई दावणीवर तुटून पडल्या. चार जनावरं होती. ठिपकी, तांबडी, एक कालवड, आणि मुकी. मुकी कधी हंबरायची नाही. वासरू नेलं तरी नुसती बघत राहायची, म्हणून मुकी. दूध चढलं. आबा म्हणायचे युरियानं चढलं, सून म्हणायची पावडरीनं, आणि दोघंही हसायचे. त्या घरात तितकं हसू आधी कधी नव्हतं.

खड्डा संपत संपत मागच्या भिंतीकडे सरकला. भिंतीजवळचं प्लास्टिक जरा उचललं की सुनेच्या नाकात बारीक सुई टोचल्यासारखं व्हायचं. ती पुन्हा दाबून टायर ठेवायची. कडेकडेनं काढत राहायची. कोपऱ्याचं काय करायचं ते निवांत बघू, असं तिच्या मनात होतं.

तेवढ्यात निरोप आला, आई पायऱ्यांवरून घसरली, पाय मोडला. नवरा टँकर घेऊन लांबच्या फेरीला गेलेला. तिनं पहाटेच धार काढली, दोन दिवसांचं आवरून ठेवलं आणि पिशवी उचलली. आबा दावणीपाशी उभे होते.

"आबा, डावीकडचं काढा. दोन दिवस सहज पुरतंय," ती म्हणाली. "भिंतीकडच्या कोपऱ्याला हात लावू नका. मी आले की दोघं मिळून बघू."

"दोघं मिळून म्हणजे?"

ती गडबडली. इतके दिवस जे बोलायचं नाही असं न ठरवता ठरलं होतं, ते तोंडातून निसटलं होतं. "म्हणजे... असंच हो. प्लास्टिक जड आहे ना."

"प्लास्टिक उचलायला मला माणूस लागत नाही अजून," आबा म्हणाले. मग जरा थांबून, "जा तू. आईला बघ. गाडी चुकेल."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फाट्यावर उतरली. आईचा पाय प्लास्टरमध्ये घालून, भावजयीच्या हाती सोपवून आली होती. घराच्या वळणावर तिला हंबरडा ऐकू आला. कुठल्या गाईचा तो तिला ओळखू येईना. आपल्या गोठ्यातून येतोय आणि आपल्याला ओळखू येत नाही, याचंच तिला नवल वाटलं. मग फाटकातून वास आला आणि ती पळत सुटली.

मुकी हंबरत होती. आडवी पडून, मान ताठ मागं फेकून, तोंडाला फेस, पोट नगाऱ्यासारखं. कातडी जागच्या जागी थरथरत होती, अंगावर माशा बसल्या की थरथरते तशी, पण थांबत नव्हती. ठिपकी आधीच गेली होती. तिचे डोळे उघडे होते. जनावरांचे डॉक्टर गुडघ्यांवर बसून तांबडीच्या तोंडात बाटलीनं शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि पाणी ओतत होते. शेजारचा गवंडी तिचा जबडा धरून होता.

"अजून आणा! शिरका आणा घराघरातून, असेल तितका!" डॉक्टर ओरडत होते. "गार पाणी आणा!"

सुनेनं पिशवी टाकली आणि कळशी उचलली. कळशीमागून कळशी. मुकीच्या तोंडात ओतलेलं पाणी तसंच बाहेर येत होतं. कालवड कोपऱ्यात उभी होती. तिनं खाल्लंच नव्हतं. दावणीत मका पडला होता, आणि त्यावर चकाकणारा चिकट थर. सुनेनं बोट लावलं. मळीचं पाणी. गाई तोंड लावत नव्हत्या, म्हणून आबांनी वर गोड पाणी शिंपडलं होतं. लाडीगोडी लावून खायला घातलं होतं.

आबा भिंतीला टेकून उभे होते. डोळे लालबुंद, सुजलेले. कोपरा उकरताना झोंबलं असणार. त्यांनी पंच्यानं पुसत पुसत पाट्या भरल्या असणार. धूळ उडाली असं समजून.

मुकीचा आवाज थांबला. इतका वेळ नको नको झालेला तो आवाज थांबला, आणि तो थांबला म्हणून सुनेला रडू फुटलं.

नवरा आला तो टँकरसकट. कुणीतरी त्याला फोन केला होता. त्यानं दोन गाई पाहिल्या, दावण पाहिली, वाकून मूठभर मका उचलला आणि झटकन तोंड फिरवलं.

"ह्याला तर डोळे जाळणारा वास येतोय! आबा, हे घातलंत? तुम्ही?" त्याचा आवाज चिरकला. "तुम्हाला वास आला नाही?"

अर्धी वस्ती अंगणात उभी होती. शिंपीण होती, गवंडी होता, त्याची बायको होती. आबांनी तोंड उघडलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. शिंपिणीच्या खड्ड्याशी पाहिलं होतं तसंच.

"मी सांगून गेले होते," सून म्हणाली. "कोपऱ्यातलं आधी संपवा म्हणून. मीच सांगितलं."

"तू?"

"हो. आबा नको म्हणत होते. मला वाटलं, पावडर मारलीय, काही होत नाही."

ती इतकं सरळ बोलली की तिला स्वतःलाही खरं वाटलं. नवरा तिच्याकडे बघत राहिला, मग कोनाड्यातला पावडरीचा डबा त्यानं भिरकावला. "माहेरी जायची घाई! कुठलंही घाला आणि मोकळे व्हा! तुझी ती मॅडम आणि तुझी ती पावडर!"

आबांनी तोंड मिटलं होतं. ते तसंच राहिलं.

*

गाई पुरल्या. तांबडी जगली, पण तिचं दूध शेरभरावर आलं. वस्तीभर एकच बोललं जाऊ लागलं: पावडरीनं गाई मेल्या. सून दूध घालायला केंद्रावर गेली की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या.

डेअरीच्या मॅडम स्वतः आल्या. त्यांनी डावीकडचा उरलेला मका हुंगला, कोपऱ्यातला हुंगला, दोन्हीकडचं थोडं थोडं तपासायला नेलं आणि काही दिवसांनी येऊन सांगितलं. डावीकडचं नत्र बहुतेक प्रथिनातच राहिलं होतं. कोपऱ्यात मक्यातलं नत्र फुटलं होतं, त्यात युरियाचं वेगळं, आणि सगळ्याचा अमोनिया झाला होता. पावडरीचा दोष नाही, उलट पावडर पोचली नव्हती तिथंच बिघडलं.

"डेअरीची माणसं डेअरीचंच बोलणार," गवंडी म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

नवरा घरी आला की जेवायचा आणि झोपायचा. बायकोशी बोलायचा ते कामापुरतं. एकदा ताट वाढताना आबा हळूच म्हणाले, "तू कशाला..."

"जेवा आबा," ती म्हणाली. "गार होतंय."

आबांनी घास घेतला. तिला वाटलं होतं, ते पुढं बोलतील. आपणच त्यांना थांबवलं, हे खरं. पण एखाद्यानं थांबवल्यावरही बोलायचं असतं. हे तिच्या मनात आलं आणि मग रोज येत राहिलं. शेण काढताना, धार काढताना, मुकीच्या रिकाम्या खुंट्याजवळून जाताना. आबा आता तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. तीही कुठं त्यांच्याबरोबर जात नव्हती. न्यायला तिला कोण विचारणार होतं?

आबांना मात्र बोलावणी येतच होती. उलट जास्त. लोक धास्तावले होते.

एका सकाळी ती तांबडीचं शेरभर दूध घेऊन केंद्राकडे निघाली होती. गवंड्याच्या घरामागं काहीतरी चाललं होतं. गवंडी आणि त्याची बायको खड्ड्यातून पाट्या भरभरून काढत होते आणि उकिरड्यावर ओतत होते. खड्ड्याच्या कडेला दगडावर आबा बसले होते, टोपी घालून.

वास तिच्यापर्यंत आला. आंबट, गोडसर, ताज्या लोणच्याचं झाकण उघडावं तसा. तिनं कॅन खाली ठेवला, उकिरड्यावरचा मका मुठीत घेतला, चुरगाळला, पुन्हा हुंगला.

"अहो, हे का टाकताय? हे चांगलं आहे."

"आबा म्हणाले खराब आहे," गवंडी न थांबता म्हणाला.

तिनं आबांकडे पाहिलं. आबा जमिनीकडे बघत होते.

"आबा?"

"खराबच असेल," आबा पुटपुटले. "ओलं होतं. घालू नये. कशाला विषाची परीक्षा?"

तेव्हा तिला कळलं. परवा कुणाचा तरी टाकला म्हणून तिनं ऐकलं होतं, त्याच्या आधी आणखी कुणाचा तरी. आबा आता सगळ्यांचाच टाकायला लावत होते. चूक व्हायला नको म्हणून. वर्षाचा चारा उकिरड्यावर चालला होता आणि लोक त्यांना हात जोडत होते.

"थांबवा," ती गवंड्याला म्हणाली. "माझं ऐका, घाला गाईंना. असा मुरघास शोधून मिळायचा नाही."

गवंडी थांबला. पाटी खाली ठेवून तो हसला. वाईट हसला असं नाही, पण हसला. "वहिनी, तुमचं ऐकू? घरच्या दोन पुरल्या नाहीत का?"

"असं बोलू नये," त्याची बायको म्हणाली. मग सुनेकडे वळून, "राग मानू नका. पण तुमच्या हाताला अपयश आलंय. आमच्या दोनच आहेत."

सून उभी राहिली. हातात मका तसाच होता. आपल्याच जिभेनं आपलं नाक कापून घेतलं होतं. आता ते कुणापुढं करायचं? तिनं कॅन उचलायला हात घातला.

"ती म्हणते तसं कर," आबा म्हणाले.

"आबा, तुम्हीच तर आत्ता..."

"मला वास येत नाही."

गवंड्याला नीट ऐकू आलं नसावं. "काय येत नाही?"

"वास. कसलाच येत नाही. तापातून उठलो तेव्हापासून." आबा दगडावरून उठले. उठताना त्यांचा हात आधाराला काही शोधत होता आणि तिथं काही नव्हतं. "आमच्या गाईंना मी घातलं. माझ्या मनानं घातलं. ती तर हात लावू नका सांगून गेली होती."

गवंड्याच्या बायकोनं उकिरड्याच्या ढिगाकडे पाहिलं, खाली बसली आणि वरवरचा स्वच्छ मका पाटीत परत भरायला लागली.

"मग आबा," गवंडी सावकाश म्हणाला, "माझ्या दारात आलात कशाला?"

आबांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "तू बोलावलंस म्हणून."

*

बातमी घरी त्यांच्या आधी पोचली. नवरा त्या दिवशी गाडीवर गेला नाही. बापाला तो काहीच बोलला नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर बायकोला म्हणाला, "मला सांगायचं तरी. मी काय परका होतो?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"त्यांना गोठ्यात एकटं सोडलं नसतं. गाई जगल्या असत्या."

हे खरं होतं. तो अंगणात जाऊन बसला, आणि पुढं कितीतरी दिवस त्याचं तिच्याशी बोलणं पूर्वीसारखं झालं नाही. खोटं बोलून तिनं एकाचा मान ठेवला होता आणि दुसऱ्याचा विश्वास घालवला होता. आणि ज्याचा मान ठेवला त्याचाही शेवटी राहिला नव्हताच.

आबांना बोलावणं येणं थांबलं. चहाच्या टपरीवर एकानं रिकामा डबा त्यांच्या नाकाशी नेला, "ओळखा आबा, काय होतं ह्यात?" सगळे हसले. आबाही हसले, आणि पुन्हा टपरीवर गेले नाहीत. ज्यांचा चांगला मुरघास त्यांनी टाकायला लावला होता, ते रस्त्यात दिसले की तोंड फिरवायचे. काही बायका आपापल्या खड्ड्यातला मका मुठीत घेऊन सुनेकडे यायला लागल्या, दबकत, मागच्या दारानं. ती हुंगायची, सांगायची. आबा आत असले की ती आवाज हळू करायची.

उन्हाळ्यात खड्डा रिकामा झाला. नवा मका भरायच्या आधी तो धुऊन घ्यायला हवा होता. सून बादली, खराटा आणि चुना घेऊन उतरली. भिंतीकडच्या कोपऱ्यात सिमेंटचा रंग पालटला होता. तिथं उभं राहिलं की अजूनही नाकात सुई टोचायची. तिनं पदर नाकावर घेतला.

मागं पावलं वाजली. आबा खड्ड्याच्या तोंडाशी उभे होते. बऱ्याच दिवसांनी ते इतक्या जवळ आले होते.

"तिथं अजून येतो का गं?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. त्यांना कसं कळणार होतं?

"येतो, आबा," ती म्हणाली. "बराच येतो."

आबांनी मान हलवली. टोपी काढून भिंतीवर ठेवली, धोतर वर खोचलं आणि खाली उतरले. तिच्या हातातला खराटा घेऊन कोपऱ्यात गुडघ्यांवर बसले. तिनं पाणी ओतलं. ते घासायला लागले.

"इथं?"

"जरा डावीकडं."

"इथं?"

तिनं पदर बाजूला केला, वाकून त्यांच्या खांद्यावरून खोल श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"हं, तिथंच," ती म्हणाली. "घासा."